बहुतांचे हित आणि एकाचा प्राण

नीतिशास्त्र हा पंडितांच्या बैठकीतला विषय आणि कायदा हा वकिलांच्या कचेरीतला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. बरे काय आणि वाईट काय याचा खल तत्त्वज्ञांनी करावा, कलमांचा अर्थ न्यायाधीशांनी लावावा. या दोहोंची गाठ पडण्याचे कारण काय? परंतु गाठ पडते, आणि पुष्कळदा ती अशा ठिकाणी पडते की जेथे ना ग्रंथ असतो, ना न्यायासन. एकदा ती भर समुद्रात, तेरा फूट लांबीच्या एका होडीत पडली. त्या होडीची हकीकत सांगितल्यावाचून आजच्या विषयात शिरता येणार नाही.

दिनांक १९ मे १८८४ रोजी ‘मिन्योनेट’ नावाची एक लहानशी शिडाची नौका इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरातून निघाली. ऑस्ट्रेलियातील एका वकिलाने ती विकत घेतली होती. ती सिडनीला नेऊन पोहोचविणे एवढेच नाविकांचे काम. नाविक चार होते: कप्तान टॉम डडली, त्याचा मदतनीस एडविन स्टीफन्स, खलाशी एडमंड ब्रुक्स आणि रिचर्ड पार्कर नावाचा सतरा वर्षांचा पोरका मुलगा. ५ जुलै रोजी केप ऑफ गुड होपपासून सुमारे सोळाशे मैलांवर वादळातील एका प्रचंड लाटेने नौका फोडली आणि काही मिनिटांत ती बुडाली. चौघे होडीत उतरले. घाईत हाती लागले ते सलगमांचे दोन डबे. गोड्या पाण्याचा थेंबही बरोबर घेता आला नाही.

चौथ्या दिवशी एक कासव सापडले. त्यावर काही दिवस निघाले. पाऊस पडे तेव्हा मेणकापडाच्या अंगरख्यांत जेवढे पाणी साठे तेवढे चौघे वाटून घेत. पुढे कासवही संपले आणि पाऊसही. पार्करला तहान सोसवेना. तो समुद्राचे पाणी प्याला आणि आजारी होऊन होडीच्या तळाशी निपचित पडला. डडलीने चिठ्ठ्या टाकण्याची गोष्ट काढली: ज्याची चिठ्ठी निघेल त्याने मरावे आणि इतरांनी जगावे. ब्रुक्सने नकार दिला. मग डडली आणि स्टीफन्स आपसांत बोलू लागले. त्या दोघांना बायकामुले होती. पार्करला ती नव्हती, आणि तो तसाही मरणाच्या दारी होता. विसाव्या दिवशी डडलीने देवाची क्षमा मागितली, मुलाला त्याची वेळ आल्याचे सांगितले आणि त्याच्या गळ्यावर सुरी चालविली. पुढचे चार दिवस तिघेही त्या देहावर जगले. ब्रुक्सने संमती दिली नव्हती. पण आपला वाटा त्यानेही नाकारला नाही. २९ जुलै रोजी एका जर्मन गलबताने तिघांना उचलून घेतले.

६ सप्टेंबरला ते फॅलमथ बंदरात उतरले आणि डडलीने काहीही हातचे न राखता घडले ते सारे अधिकाऱ्यांना सांगून टाकले. आपण गुन्हा केला असे त्याला वाटतच नव्हते. दर्यावर्दी लोकांनाही तसे वाटत नव्हते. गावची सहानुभूती या कृश झालेल्या माणसांच्या बाजूने होती, इतकी की पार्करचा भाऊ, तोही खलाशीच, पुढे झाला आणि त्याने डडलीशी हस्तांदोलन केले. सरकारने मात्र डडली व स्टीफन्स यांच्यावर खुनाचा खटला भरला आणि ब्रुक्सला साक्षीदार केले.

आता या खटल्यात हिशेब कोणाच्या बाजूचा होता ते पाहा. ज्यूरीने घटनांपुरता निष्कर्ष लिहून दिला. त्यात असे नमूद आहे की, मुलाचे मांस खाल्ले नसते तर हे लोक बहुधा वाचले नसते. आणि मुलगा सर्वांत अशक्त असल्याने तो बहुधा त्यांच्याआधीच मेला असता. म्हणजे एका बाजूस चार प्रेते, दुसऱ्या बाजूस एक प्रेत आणि तीन जिवंत माणसे. शाळेतल्या मुलालाही हे गणित सोडविता येईल. लंडनच्या पाच न्यायाधीशांनी, सरन्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांच्या अध्यक्षतेखाली, हे गणित ऐकून घेतले आणि ९ डिसेंबर १८८४ रोजी दोघांना देहांत शासन सांगितले.

कोलरिज यांच्या निकालपत्राचा आशय असा. स्वतःचा प्राण वाचविणे हे सामान्यतः कर्तव्य खरे. पण कधी कधी प्राण देणे हे त्याहून मोठे कर्तव्य असते. बुडत्या जहाजाच्या कप्तानाचे उतारूंविषयी आणि सैनिकाचे रणांगणावर ते असते; ख्रिस्ती देशाला तर यासाठी एका थोर उदाहरणाची आठवण करून देणे पुरे. आणि गरज पडली म्हणून मारावे असे मानले, तर ती गरज ठरवायची कोणी? एका जिवाची किंमत दुसऱ्याशी कोणत्या मापाने ताडावयाची? बळाने, बुद्धीने, की आणखी कशाने? ज्याला त्या मृत्यूचा लाभ व्हावयाचा त्याच्याच हाती हे माप दिले, तर तो कोणाला निवडील? या होडीत निवडला गेला तो सर्वांत लहान, सर्वांत दुबळा आणि प्रतिकार करू न शकणारा. पुढे न्यायाधीशांनी एक प्रांजळ कबुली दिली आहे: ज्या कसोटीला आपण स्वतः उतरू की नाही याची खात्री नाही, अशी कसोटी कायद्याला पुष्कळदा ठरवावी लागते. मग राणीच्या नावे दयेचा अधिकार वापरला गेला आणि देहांताची शिक्षा सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

या निर्णयामागे नीतिशास्त्रातील एक जुना वाद उभा आहे. जेरेमी बेन्थम याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, सुख आणि दुःख हे मानवाचे दोन धनी आहेत, आणि ज्या कृत्याने एकंदर सुखाची बेरीज वाढते ते कृत्य योग्य. राजा असो वा रंक, हिशेबात प्रत्येकाचे सुख सारख्याच वजनाचे. आज हा विचार कोरडा वाटला तरी त्या काळी तो क्रांतिकारक होता. इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा किरकोळ चोरीलाही फाशी होती. बेन्थमने विचारले की, या फाशीने कोणाचे किती दुःख टळते? उत्तर देता येईना तेव्हा शिक्षा सौम्य होऊ लागल्या. कायदा एकत्र, सुसूत्र, सामान्य माणसाला वाचता येईल असा लिहून काढावा हा आग्रहही त्याचाच. उलट बाजूस जर्मनीत इमॅन्युएल कांट. १७८५ साली त्याने सांगितले की, माणूस हा कोणाच्याही साध्याचे केवळ साधन होऊ शकत नाही. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेची बेरीज-वजाबाकी होत नाही. होडीतल्या प्रसंगात कांट डडलीच्या विरुद्ध उभा राहणार हे उघड आहे. मात्र गंमत अशी की, समुद्रात एकाच फळीसाठी झगडणाऱ्या दोन बुडत्या माणसांचे प्राचीन उदाहरण त्याने स्वतः घेतले आहे, आणि दुसऱ्याला ढकलणारा दोषी खरा, पण त्याला शिक्षा करण्यात अर्थ नाही, असा निर्वाळा दिला आहे. कारण उद्याच्या फाशीचे भय आताच्या बुडण्याच्या भयाला कसे जिंकणार? कर्तव्याचा एवढा कठोर पुरस्कर्ता शिक्षेपाशी येऊन थबकला, आणि शिक्षा सांगणारे इंग्रज न्यायपीठ दयेपाशी. दोघे वेगळ्या वाटेने निघून जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले.

या परदेशी हकीकतीशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, या प्रश्नाचे एक लेखी उत्तर त्या खटल्याच्या चोवीस वर्षे आधीच हिंदुस्थानच्या कायद्यात नमूद झाले होते. १८३४ साली मेकॉले कलकत्त्यास आला. बेन्थमचा शिष्य जेम्स मिल याच्या राज्यशास्त्रावरील निबंधाची त्याने १८२९ साली जाहीर चिरफाड केली होती. पण येथे कायदा लिहावयास बसल्यावर त्याच्या हातून जे उतरले त्यात बेन्थमची पद्धत पानोपानी दिसते. मसुदा १८३७ साली पुरा झाला. तो कायदा होण्यास मात्र १८६० साल उजाडले. मेकॉले त्याआधी काही महिने वारला होता. १ जानेवारी १८६२ पासून ही दंडसंहिता अमलात आली आणि गोवा मुक्त झाल्यावर, पोर्तुगीज संहिता जाऊन, तेथेही हीच लागू झाली. ३० जून २०२४ पर्यंत तिचा अंमल चालला. दुसऱ्या दिवसापासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण जुन्या संहितेचे ८१ वे कलम नव्या संहितेत १९ व्या क्रमांकाने कायम आहे.

त्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. आगबोटीच्या कप्तानाला, त्याची काहीही चूक नसताना, अकस्मात असे दिसते की बोट थांबविण्यापूर्वी ती वीस-तीस उतारूंच्या एका होडीवर आदळणारच. दिशा बदलली तर दोनच उतारू असलेल्या दुसऱ्या होडीला धोका आहे. कदाचित ती चुकविताही येईल. कप्तानाने दिशा बदलली आणि दुर्दैवाने ती दुसरी होडी बुडाली, तर तो गुन्हेगार नाही. हा बेन्थमचा हिशेब असे प्रथमदर्शनी वाटते: वीस-तीस विरुद्ध दोन. परंतु अटी नीट वाचाव्यात. त्या दोघांना बुडविण्याचा त्याचा हेतू नसावा. त्याचा प्रयत्न सद्भावनेचा असावा. आणि टळलेले संकट, पत्करलेला धोका क्षम्य ठरावा इतके मोठे असावे. दोघांचा मृत्यू हे वीस जणांना वाचविण्याचे साधन नाही. ते दोघे जगले असते तर कप्तानाला आनंदच झाला असता. डडलीची गोष्ट अशी नव्हती. पार्कर जगता तर डडलीचा सारा बेत फसला असता. हा भेद बेन्थमच्या वहीत बसत नाही. तो तेराव्या शतकातील संत टॉमस ॲक्वायनस यांच्या विवेचनात सापडतो: एका कृत्याची दोन फळे असू शकतात, एक हेतूतले आणि एक हेतूबाहेरचे, आणि नैतिक मूल्य हेतूतल्या फळावरून ठरते. याच ॲक्वायनसांनी असेही म्हटले आहे की, उपासमारीने मरणाऱ्याने दुसऱ्याची भाकर घेतली तर ती चोरी नव्हे. भाकरीच्या बाबतीत गरज पुरेशी आहे, प्राणाच्या बाबतीत नाही. मेकॉलेच्या संहितेतही जिवाच्या धमकीखाली केलेले गुन्हे क्षम्य ठरविणारे ९४ वे कलम आहे, आणि त्यातून खून मुद्दाम वगळला आहे. एकाच संहितेत उपयुक्ततेचा हिशेब आणि हिशेबाबाहेरची मर्यादा शेजारी शेजारी नांदतात. कायदे करणाऱ्यांना तत्त्वज्ञांसारखी एकच वाट धरून चालता येत नाही हेच खरे.

त्याच ८१ व्या कलमाखाली दुसरे उदाहरण आगीचे आहे. आग पसरू नये म्हणून कोणी सद्भावनेने मधली घरे पाडली, तर तो अपराधी नाही. ऐकताना हे किती साधे वाटते! पण घर पाडणारा कोण आणि घर कोणाचे, हे त्या उदाहरणात सांगितलेले नाही. १८९७ साली पुण्याने याचा अनुभव घेतला.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघडकीस आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. तो इतका लहान की एखाद्या पानात मावावा. पण सरकारला वाटेल ती उपाययोजना करण्याची मुभा त्याने दिली, आणि सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावर दावा चालणार नाही असेही सांगून ठेवले. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे झडली. देवघरात, माजघरात बूट गेले. बायकांची तपासणी झाली. रोग्यांना इस्पितळात आणि नातलगांना वेगळ्या छावणीत नेण्यात आले. सामान जाळले गेले. रोग्याला वेगळे ठेवणे हा उपाय मुळात चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. साथ आटोक्यात येणे हे बहुतांचे हितच होते. पण हे हित मोजणाऱ्यांत ज्यांची घरे झडली त्यांच्यापैकी कोणी नव्हते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. पुढे चापेकर बंधू फासावर गेले.

येथे नीतिशास्त्रातून आपण राज्यपद्धतीत येतो. बेन्थमचा हिशेब इंग्लंडात मताधिकाराच्या मागणीपर्यंत गेला. प्रत्येकाचे सुख सारखे तर प्रत्येकाचे मतही सारखे, असा त्याचा ओघ होता. हिंदुस्थानात तोच हिशेब मतावाचून आला. जेम्स मिलने या देशाचा जाडजूड इतिहास लिहिला, पण या देशात त्याने कधी पाऊल टाकले नाही. त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल याने १८२३ ते १८५८ इतकी वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी केली आणि १८५९ साली स्वातंत्र्यावरचा आपला जगद्विख्यात निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाच्या आरंभीच त्याने सांगून टाकले आहे की, मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही. सुधारणा हा उद्देश असेल तर त्यांच्यावर एकतंत्री राज्य चालविणे न्याय्य आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा कैवारी, पण होडीत कोणाला विचारायचे आणि कोणाला नाही, हे त्यानेही आधीच ठरवून टाकले होते. उपयुक्ततावादाने आपल्या देशाला लेखी कायदा दिला, सतीबंदीसारख्या सुधारणांना बळ दिले, हे उपकार नाकारू नयेत. पण डडलीने पार्करला जे सांगितले तेच या राज्याने आपल्याला सांगितले: तुझ्या हिताचा विचार झालेला आहे.

यावर उपाय म्हणून विसाव्या शतकातील राज्यघटनांनी काही गोष्टी हिशेबाच्या बाहेर काढून ठेवल्या. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जर्मनीचे आहे. हिटलरच्या राजवटीत राज्याच्या नावाने असंख्य माणसांचा चोळामोळा झाला; त्या राखेतून २३ मे १९४९ रोजी जी घटना उभी राहिली तिच्या पहिल्याच कलमात मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय असल्याची घोषणा आहे, आणि त्यात सांगितलेली तत्त्वे कितीही मोठ्या बहुमताने बदलता येत नाहीत. कांटची ही वाणी नुसती शोभेची नाही याची परीक्षा २००६ साली झाली. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जर्मनीने कायदा केला की, अपहृत विमान लोकांवर आदळणार असे दिसले तर लष्कराने ते पाडावे. १५ फेब्रुवारी २००६ रोजी तेथील घटना न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. विमानातल्या निरपराध उतारूंना मारून जमिनीवरच्यांना वाचविणे म्हणजे त्या उतारूंना वस्तू समजणे होय, असे न्यायालय म्हणाले. ते थोड्याच वेळात मरणार आहेत हा युक्तिवादही मानला गेला नाही. पार्करविषयी नेमका हाच युक्तिवाद झाला होता. विमानात केवळ हल्लेखोरच असतील तर गोष्ट वेगळी, असेही न्यायालयाने म्हटले. या निर्णयाने हजारोंचे प्राण धोक्यात येतील असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या मातेला कांट सांगून काय समाधान होणार? तरीही राज्याच्या हाती असा अधिकार एकदा दिल्यावर तो विमानापाशी थांबेल याची हमी कोण देणार, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर एकदा चुकले. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. हजारो लोक चौकशीवाचून स्थानबद्ध झाले. त्यांच्यापैकी काहींचे अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जबलपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचे नाव त्या खटल्याला कायमचे चिकटले आहे. राष्ट्राची सुरक्षितता म्हणजे सर्वांचे हित, आणि त्यापुढे एकाच्या स्वातंत्र्याचा विचार थांबतो, असा सरकारचा पवित्रा होता. उद्या एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा प्राण घेतला तर काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले. आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयात इलाज नाही, असे सरकारच्या वकिलांना उत्तर द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. खन्ना एकटे विरुद्ध गेले. पुढच्या वर्षी ज्येष्ठतेने सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यावयाचे होते; ते दुसऱ्यास मिळाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ साली ४४ व्या घटनादुरुस्तीने असे ठरले की, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही. त्या चौघांचा निर्णय न्यायालयाने स्वतः औपचारिकपणे रद्दबातल केला तो मात्र २०१७ साली, एकेचाळीस वर्षांनी. साथीचा १८९७ चा कायदा २०२० च्या महामारीत पुन्हा उपयोगात आला. या वेळी तो चालविणारे सरकार लोकांनी निवडलेले होते आणि न्यायालयांचे दरवाजे उघडे होते. जुन्या कायद्याची भाषा मात्र बव्हंशी तीच राहिली आहे, हे विसरण्यासारखे नाही.

त्या होडीतला डडली शिक्षा भोगून ऑस्ट्रेलियास गेला आणि १९०० साली सिडनीत प्लेगने वारला. मुंबई-पुण्यात थैमान घालणारी तीच साथ बोटीबोटीने तेथवर पोहोचली होती. पार्करची आठवण साउदॅम्प्टनजवळ पेअरट्री येथील चर्चच्या आवारात एका दगडाच्या रूपाने उभी आहे. देह तेथे नाही. तो समुद्राचा झाला. दगडावर त्याचे नाव, वय वर्षे सतरा, आणि उघड्या होडीत त्याने एकोणीस दिवस सोसलेल्या यातनांचा उल्लेख आहे. खाली पवित्र शास्त्रातील दोन वचने कोरली आहेत. एक ईयोबाचे, प्राण गेला तरी देवावर विश्वास ठेवणाऱ्याचे. दुसरे संत स्तेफनाचे, दगडांचा मार खाऊन मरताना मारणाऱ्यांच्या माथी हे पाप लावू नये अशी प्रार्थना करणाऱ्याचे.